देवी निजलेली असताना

आमच्या चंद्राताईला स्वप्नं पडत नाहीत. पाठ टेकली की तिला झोप लागते, आणि उठली की झोप तिथंच घडी घालून ठेवल्यासारखी संपते. डॉक्टर माणसाला हे बरंच म्हणायचं. पण तुळजापुरात, आणि त्यातून आमच्या घरात, ज्याला स्वप्न पडत नाही त्याची थोडी अडचणच होते.

त्याचं कारण आधी सांगते. आमची देवी वर्षातून तीन वेळा निजते. सिंहासनावरून तिला उचलून पलंगावर निजवतात. नवरात्राच्या आधीची, भाद्रपदातली झोप सगळ्यांत गाढ. तिला घोरनिद्रा म्हणतात. पुढं नऊ दिवस महिषासुराशी लढायचं, म्हणून आई आधी निजून घेते. हे दिवस गावातलं प्रत्येक घर आपापल्या रीतीनं पाळतं. आमच्या घरची रीत अशी, की देवी निजलेली असताना मोठ्यानं बोलायचं नाही. लांबून हाक मारायची नाही, जवळ जाऊन सांगायचं. उखळाखाली पोत्याची घडी घालायची, दाराच्या कडीला चिंधी गुंडाळायची. अडकित्ता तर खुंटीवरून निघून थेट कमलकाकीच्या पेटीत जायचा. सुपारी फुटताना जो 'कट्' आवाज होतो तो देवीच्या कानापर्यंत जातो, असं काकीचं म्हणणं. कमलकाकी म्हणजे आमच्या वडिलांची, अण्णांची, विधवा भावजय. घरातल्या सगळ्या रीतीभाती तिच्या पदराला बांधलेल्या होत्या.

दुसरी रीत स्वप्नांची. देवी निजते म्हणजे तिलाही स्वप्नं पडत असणार, आणि त्या स्वप्नांचे शिंतोडे गावावर उडत असणार, असं आमच्याकडं मानत. म्हणून त्या दिवसांत ज्याला जे दिसलं ते त्यानं सकाळी चहाच्या वेळी चुलीपुढं बसून सांगायचं. घरातल्या घरात, हळू आवाजात. काकी अर्थ लावायची. बाहेर बालाघाटाच्या डोंगरावरून उतरलेलं धुकं गल्लीत भरलेलं असायचं, आत चुलीचा धूर, आणि त्यात आम्ही सगळी एकमेकांच्या कानाशी लागून कुजबुजत बसलेली. लहानपणी मला वाटायचं, अख्खं घर अजून उठलेलंच नाही, झोपेतच चहा पितंय.

ताईची पाळी आली की ती कपातल्या चहाकडं बघत म्हणायची, "मला काय दिसलं न्हाय."

"काहीच कसं दिसंना गं तुला?" काकी कुजबुजायची. "देवीचं लक्ष न्हाय का काय तुझ्याकडं?"

"ती निजलीय ना काकी. मग लक्ष कसं असणार?"

यावर अण्णा तोंडावर उपरणं धरून हसायचे.

हैदराबाद संस्थान जाऊन आम्ही मुंबई राज्यात आलो त्यानंतर दोनेक वर्षांची ही गोष्ट. ताई सोलापुरात मामांकडं राहून इंटर सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाली होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं. हे ती कधी बोलून दाखवायची नाही, पण तिच्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून एक चित्र चिकटवलेलं होतं. कुठल्याशा वर्तमानपत्रातून कापलेलं, हैदराबादच्या मोठ्या दवाखान्याचं. घुमट, कमानी, पुढं नदी. पेटी उघडली की ते चित्र उभं राहायचं आणि ताई कपडे काढता काढता मिनिटभर थांबायची. बाकी मुली पेटीच्या झाकणाला आरसा लावत.

त्या वर्षी कॉलेजांच्या याद्या फार लांबल्या. श्रावण गेला तरी काही नाही. आणि मग भाद्रपदात, गौरी गेल्या आणि दोन जागा एकदमच आल्या. एक हैदराबादच्या त्याच दवाखान्याला जोडलेल्या जुन्या कॉलेजातली. दुसरी बार्शीच्या पलीकडं नव्यानं निघणाऱ्या एका कॉलेजातली. हे कॉलेज मल्लम्मा नावाच्या एका सधन बाईंनी ट्रस्ट करून काढलं होतं. इमारत बांधून व्हायची होती, तोवर त्यांच्या बंद पडलेल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, वर्ग भरणार होते. दसऱ्याला सुरुवात, आणि तिथं शिकणाऱ्या कोणालाच फी नाही. आमच्या घरात त्याला पहिल्या दिवसापासून 'जिनिंग' हेच नाव पडलं.

अण्णा ताईला घेऊन ते बघायला गेले. मीही हट्ट करून गेले. मोटारीनं बार्शी, तिथून पुढं बैलगाडीनं. लांबलचक पत्र्याची शेड होती. यंत्रं काढून नेलेली, जमीन धुतलेली, ओळीनं नव्याकोऱ्या लोखंडी खाटा, आणि खाटांवर कोणीच नाही. वरच्या लाकडी तुळयांवर मात्र वर्षानुवर्षांचा कापूस साचलेला होता. वारा आला की त्याचे बारीक पुंजके सुटायचे आणि पत्र्याच्या भोकांतून आलेल्या उन्हाच्या दांड्यांतून तरंगत, तरंगत खाली यायचे. खाली पडायची घाई कशी ती त्यांना नव्हतीच. मी तोंड वर करून बघत राहिले. ताईनं एक पुंजका तळहातावर घेतला आणि फुंकला नाही, तसाच धरून ठेवला.

मल्लम्माबाई पांढऱ्या लुगड्यात, कपाळावर विभूती, गळ्यात लिंगाची डबी. बोलणं कानडी वळणाचं. अण्णांनी विचारलं, "बाई, खाटा दिसतात. पेशंट?"

"खाटा मांडल्या की पेशंट येतातच की हो. घरात पाट मांडला की पाहुणा येतोय तसं."

"आणि मान्यता?"

"अर्ज केलाव. ते सरकार आहे, आपल्या चालीनं चालतंय." मग त्या ताईकडं वळल्या. "माझा मालक गाडीत गेला, बाळ. दवाखाना लांब होता, म्हणून. मी फी कोणाकडून घेऊ, सांग."

परत येताना अण्णा म्हणाले, "बाई सोन्याची हाय. पण पत्र्याखाली डॉक्टर होतात व्हय?"

ताईच्या शाळेतल्या चारुशीलाबाईंनाही विचारलं. त्या स्पष्टच बोलल्या. "नवं ते नवंच, अण्णा. उद्या मान्यता आली नाही तर पोरगी शिकून घरी बसेल. हैदराबादला पाठवा, कसंही करून पाठवा."

'कसंही करून' म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे घागर.

मंदिरातल्या पहाटेच्या पूजेला तीर्थाचं पाणी नेण्याची एक पाळी आमच्या घराकडं होती. त्या पाळीवर आमचं घर चालायचं. पाळीमुळंच गावोगावचे यजमान देवीला आले की आमच्याकडं उतरायचे. पण पोटाचं सोडा. पाळीच्या दिवशी अण्णा निराळेच होत. एरवी ते तपकीर ओढणारे, थट्टेखोर, उपरणं कुठं ठेवलं ते विसरणारे. पाळीच्या दिवशी कोणी न उठवता उठायचे, ओल्या अंगानं तांब्याची घागर उजव्या खांद्यावर घेऊन पायऱ्या उतरायचे, आणि परत आले की बराच वेळ कोणाशी बोलायचे नाहीत. त्यांच्या खांद्यावर घागरीच्या काठाचा एक गुळगुळीत वळ पडला होता. लहानपणी मी आणि ताई त्या वळावर बोट फिरवायचो. अण्णा म्हणायचे, "हितं देवी हात ठेवून उभी ऱ्हाती."

अण्णांचे चुलतभाऊ राघवेंद्रकाका. त्यांचा धंदा चांगला चालायचा, पण पाळी त्यांच्या वाट्याला आली नव्हती, आणि ती सल त्यांनी कधी लपवली नाही. हैदराबादचा सगळा खर्च ते करायला तयार होते. अण्णांनी पाळी कायमची त्यांच्या घराकडं द्यायची, एवढंच. त्यात त्यांचं वावगं असं काही नव्हतं. त्यांनाही देवी हवी होती.

हैदराबादला होकार कळवायचा तो नवरात्र बसेपर्यंत. एरवी असल्या पेचात अण्णा सरळ मंदिरातल्या चिंतामणीकडं गेले असते. तो गोल दगड. त्यावर दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न धरायचा, उजवीकडं फिरला तर होय, डावीकडं फिरला तर नाही. पण देवी निजली होती. आणि ती निजलेली असताना काही विचारायचं नाही, ही काकीची पक्की रीत.

"निजल्या माणसाला हलवून विचारतात का, भावजी?" काकी म्हणाली. "सपान पडंल कोणाला तरी. त्यातच सांगंल ती."

झालं. त्या भाद्रपदात आमच्या घरात सगळे एका कामाला लागल्यासारखे झोपायला लागले.

सकाळी चुलीपुढं कुजबूज व्हायची. आईला दिसली बिनखिडक्यांची आगगाडी, तीत ताई बसलेली आणि आईला तिचा चेहराच दिसेना. "हैदराबाद नको," आई म्हणाली. काकीला दिसली दिव्यांनी भरलेली नदी. तिनं जन्मात हैदराबाद पाहिलं नव्हतं, पण नदी आहे एवढं तिला पेटीतल्या चित्रावरून ठाऊक होतं. "हैदराबादच," काकी म्हणाली. मला दिसला नुसता कापूस. सगळ्या गावावर, देवळाच्या शिखरावर, कल्लोळ तीर्थाच्या पाण्यावर कापूस पडतोय आणि कोणाच्याच पायांचा आवाज येत नाही. मी सांगितलं तर काकी म्हणाली, "तुझं धरायचं न्हाय. तू दिवसाबी वर बघून चालतीस."

आमच्या घरातलं सगळ्यांत मोठं भांडण त्या दिवसांत झालं, आणि ते सगळं कुजबुजत झालं. आई डोळे पुसत कुजबुजायची, अण्णा हात हलवत कुजबुजायचे, काकी दोघांना "हळू, हळू" म्हणून त्याहून हळू कुजबुजायची. शेजारच्यांना वाटलं असेल, या घरात किती शांतता आहे.

"चंद्रे, तुला काय दिसलं?" सगळे रोज विचारायचे.

"काय न्हाय."

"अगं, तुझाच तर प्रश्न हाय!"

"मला झोप लागली काकी. मी काय करू?"

मग एका सकाळी अण्णा नेहमीपेक्षा लवकर येऊन चुलीपुढं बसले. चेहरा उजळलेला. "मला दिसलं," ते म्हणाले. "ते घुमट, त्या कमानी. चंद्री पांढरं लुगडं नेसून पायऱ्यांवर उभी. मी खालनं वर चाललोय. लई पायऱ्या. पण दम लागंना. चालताना खांदा कसा हलका, हलका लागत होता."

"अजून काय पायजे?" काकी म्हणाली. "देवीनं सांगितलं."

ताई अण्णांकडं बघत होती. अण्णा बोलत होते आणि बोलता बोलता त्यांचा डावा हात उजव्या खांद्यावर गेला होता. तिथं काही ठेवलेलं होतं आणि ते सापडत नाही, तसा तो हात चाचपडत होता. स्वप्न सांगून झालं, चहा झाला, तरी हात तिथंच.

त्याच दुपारी अण्णांनी राघवेंद्रकाकांना बोलावलं. दोघे ओसरीवर समोरासमोर बसले, कुजबुजत बोलले. "पाळी काय, घागर काय. देवी कुठं जात न्हाय," अण्णा म्हणाले. आमच्याकडं असा शब्द पक्का करायचा तो सुपारी फोडून. दोघांनी एका सुपारीला हात लावायचा, अडकित्त्यानं ती फोडायची, अर्धी अर्धी तोंडात टाकायची. मग त्या शब्दाला मरणापर्यंत मागं फिरणं नाही. पण अडकित्ता तर पेटीत. काका म्हणाले, "राहू द्या. सुपारीला हात लावून ठेवू. देवी उठली की घटस्थापनेला येऊन फोडू." सुपारी एका वाटीत घालून देव्हाऱ्याच्या कोनाड्यात ठेवली.

अण्णांना स्वप्नाच्या भरात भान राहिलं नाही, आणि काकांना आनंदाच्या. एरवी दोघेही असल्या बाबतीत काटेकोर.

सुपारीच्या कोनाड्यावरून जाता येता ताईची नजर तेवढी तिकडं जायची. एकदा मी तिला पेटीपुढं बसलेली पाहिलं. झाकण उघडं, चित्र समोर. मला वाटलं आनंदात आहे. तिनं चित्राचा सुटलेला कोपरा भातानं परत चिकटवला, अंगठ्यानं दाबला आणि झाकण लावलं.

घटस्थापनेच्या सकाळी देवी उठली. नगारा झाला, संबळ वाजली, गल्लीतली पोरं उगाचच ओरडत पळाली. साऱ्या गावाच्या कानांतला बोळा काढल्यासारखं झालं. राघवेंद्रकाका न्हाऊन, धूतवस्त्र नेसून ओट्यावरूनच गरजले, "आता मोठ्यानं बोललं तर चालतंय न्हवं, वहिनी?"

काकीनं पेटीतून अडकित्ता काढला. अण्णांनी पाट मांडले. तेवढ्यात ताई उठली, कोनाड्यातली सुपारी उचलली आणि मुठीत धरली.

"काका, एक विचारू?"

"विचारा की, डॉक्टरीणबाई."

"सुपारी फुटली नसेल तर शब्द झाला म्हणतात का?"

काका हसले. "आता फुटतीय न्हवं."

"आता फुटतीय. म्हणजे अजून फुटलेली न्हाय."

"चंद्रे," अण्णा म्हणाले, "मधी बोलू नको. माझं ठरलंय."

"देवी निजलेली असताना ठरलंय, अण्णा. तिला विचारायचं न्हाय म्हणून तुम्ही चिंतामणीकडं गेला न्हाईत. मग तिची घागर तिला न विचारता कशी दिली?"

काकीनं अडकित्ता पदरात घेतला. "व्हय की गं बाई," ती पुटपुटली. "माझ्या ध्यानातच न्हाय आलं."

"वहिनी, तुम्ही तिच्या बाजूच्या?" काका म्हणाले.

"मी कोणाच्या बाजूची न्हाय. मी रीतीच्या बाजूची."

"मग विचारू आता देवीला," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज ओला झाला होता. "उठलीय ती. म्या घागर खाली ठेवायला तयार हाय, चंद्रे. आनंदानं."

"मी न्हाय तयार. तुम्ही सपान सांगितलं तेव्हा तुमचा हात कुठं होता ठाऊक हाय?"

अण्णांनी सावकाश मान खाली घातली.

"मी जिनिंगला जाते," ताई म्हणाली.

"आणि ते चित्र? पेटीतलं?"

"ते पेटीतच ऱ्हाईल. कुठं जात न्हाय ते."

राघवेंद्रकाकांच्या हातातून काय गेलं ते आम्हाला सगळ्यांना कळत होतं. मग त्यांनी गुडघ्यावर थाप मारली. "पोरी, डॉक्टर व्हायला चाललीस का वकील? आण ती सुपारी इकडं."

"देत न्हाय."

"बरं, ठेव. पण दसऱ्याला तुझी पेटी मोटारीपर्यंत म्या उचलणार. काहीतरी खांद्यावर येऊ दे माझ्या."

आणि त्यांनी ती उचलली. मोटारतळापर्यंत, वाटेत कोणालाही हात न लावू देता.

जिनिंगमधल्या वर्षांबद्दल ताई सुट्टीत आली की सांगायची. शरीर फाडून शिकायचं ते टेबल त्या शेडच्या मधोमध होतं. पुस्तक उघडायच्या आधी रोज सकाळी त्यांना त्या मेलेल्या माणसाच्या अंगावरून कापूस झाडावा लागायचा. भुवयांवर, पापण्यांवर कापूस. "लीला, तो म्हातारा असा दिसायचा गं, थंडीत त्याच्यावर कोणी रजई घातली असावी," ती म्हणाली होती. सुरुवातीला त्यांना भीती वाटायची, ती त्या कापसानं गेली. शिकवणारे थोडे, मुलं त्याहून थोडी. खाटांवर पेशंट मात्र मल्लम्माबाई म्हणाल्या तसे आले. गाड्या जुंपून यायचे. बाळंतिणी यायच्या. हात लावू द्यायला दुसरं कोणी नसल्यामुळं ताईचे हात लवकर तयार झाले. पण मोठी यंत्रं, मोठे डॉक्टर, मोठाली पुस्तकं तिला पाहायला मिळाली नाहीत. हे ती लपवत नाही. "मला पुष्कळ येत न्हाय," असं ती आजही पेशंटला सांगते आणि सोलापूरला पाठवते.

चारुशीलाबाई म्हणाल्या होत्या तेही खोटं ठरलं नाही. ताई पास झाली, पण मान्यता येईना. नावापुढं डॉक्टर लावता येईना. ती घरी येऊन बसली. त्या काळात अण्णा पाळी करून यायचे, ओल्या खांद्यानं ओसरीवर टेकायचे आणि तांदूळ निवडणाऱ्या ताईकडं बघवत नसल्यासारखे भिंतीकडं तोंड करायचे. एकदा ते म्हणाले, "माझ्यापायी झालं."

ताई सूप खाली ठेवून उठली, त्यांच्यामागं बसली आणि लहानपणीसारखं त्या वळावर बोट फिरवलं. "अण्णा, हे आमच्या पुस्तकात न्हाय," ती म्हणाली. "याला डॉक्टरीत नाव न्हाय." अण्णा हसले की रडले ते मला पाठीमागून कळलं नाही.

मान्यता आली, उशिरा आली. ताईला लोहाऱ्याचा दवाखाना मिळाला. एक खोली, एक पडवी, बाहेर लिंबाचं झाड. तिच्या टेबलावर काचेच्या भांड्यात ती सुपारी असते, अजून न फुटलेली. खेड्यातल्या बायकांना वाटतं ते काही औषध आहे. "बाई, त्यातलं थोडं द्या की," त्या म्हणतात. कोणी विचारतं, "हैदराबादच्या काय तुम्ही?" ताई म्हणते, "न्हाय, जिनिंगची." त्यांना काहीच कळत नाही, तरी त्या मान डोलावतात. तिनं लग्न केलं नाही. त्याचं कारण तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दर भाद्रपदात, देवी निजली की चार दिवस ती आमच्याकडं येते.

गेल्या भाद्रपदात आली तेव्हा अण्णा पुष्कळ थकले होते. घागर लहान केली होती, पण खांदा तोच. काकीला आता ऐकू कमी येतं. त्यामुळं कुजबुजून सांगितलेलं स्वप्न तिला कळत नाही आणि मोठ्यानं सांगायचं नाही. आम्ही हातवारे करून सांगतो आणि ती अर्थ लावते, तो कशाचा लावते देव जाणे.

त्या सकाळी बाहेर धुकं इतकं होतं की समोरच्या घराचा नुसता दिवा दिसत होता. आमची स्वप्नं सांगून झाली. सवयीनं कोणी ताईला विचारलंही नाही. आणि ती कपाकडं बघत हळूच म्हणाली, "मला दिसलं."

आईच्या हातातला चिमटा थांबला.

"हैदराबादचा दवाखाना दिसला. चित्रातला. पण रंगीत होता. नदीला पाणी होतं. मी पायऱ्या चढून आत गेले. अण्णा, किती उंच छत! सगळं पांढरं, खाटांच्या ओळीच ओळी. सगळे मला ओळखत होते. 'या, या' म्हणत होते. मी पुष्कळ हिंडले."

अण्णांनी कप खाली ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी ते नाव घरात घेतलं नव्हतं. "छान होतं?" त्यांनी विचारलं.

"लई छान होतं."

"मग?"

"मग काय. वर बघितलं तर तुळया न्हाईत. कापूस न्हाय. माझा पेशंट कुठल्या खाटेवर ते आठवंना. म्हटलं, जाऊन येते, नि बाहेर आले. बाहेर आपली गल्लीच होती."

मी काकीला हातवारे करून सांगितलं. घुमट, नदी, कापूस. काकीला कापूस तेवढा कळला. "कापूस चांगला," ती म्हणाली. "त्याच्या वाती होत्यात."

अण्णा काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात कडीला गुंडाळलेल्या चिंधीवर कोणीतरी बोटं वाजवली. दारात बलभीम फुलारी, अनवाणी, धुक्यानं भिजलेला. आमच्या घरची रीत त्याला ठाऊक होती; एवढ्या घाईतही तो वाकून ताईच्या कानाशी कुजबुजला, "ताई, सुनंला लई तरास व्हतोय. सुईण म्हणती, बाळ आडवं हाय. येता?"

ताईनं पदर खोचला, पिशवी घेतली आणि निघाली. तिचा अर्धा चहाचा कप तसाच राहिला. दोन पावलांत ती धुक्यात अर्धी झाली, चार पावलांत नाहीशी. वरच्या अंगाला फुलाऱ्याच्या घराकडं जाणाऱ्या दगडी पायऱ्यांवरची तिची पावलं तेवढी ऐकू येत होती.

अण्णा काठी टेकत ओट्यापर्यंत गेले. धुक्याकडं तोंड करून उभे राहिले. आणि जन्मात कधी केलं नाही ते त्यांनी केलं. देवी निजलेली असताना, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले,

"चंद्रे! पायरीवर शेवाळ हाय! सावकाश जा गं!"

हे बहिऱ्या काकीलाही ऐकू गेलं. ती धडपडत उठली. "भावजी, हळू! देवी निजलीय!"

"निजू दे," अण्णा म्हणाले. "लेकीला मारलेल्या हाकंनं कुठल्या आईची झोप मोडत न्हाय."

वरून, धुक्यातून, तेवढ्याच मोठ्यानं उत्तर आलं, "व्हय, अण्णा!"